दामिनीच्या झोपेत घेतलेली युनिटं

दामिनी दुपारी साडेबाराच्या सुमारास झोपते. तिला खांद्यावर घेऊन अंगणात सात-आठ चकरा माराव्या लागतात, मग माझ्या मानेभोवतीचा तिचा हात हळूच सैल पडतो. तो सैल पडला की पुढचा तास माझा, असं सगळ्यांना वाटतं. गेले आठ महिने तो तास शेअर बाजाराचा होता.

दामिनीचे बाबा, तिलक, बुटीबोरीला एका कारखान्यात आहेत. तिथं आत जाताना मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दर दुसऱ्या रविवारी घरी येतात. एकदा आले ते ईटीएफ डोक्यात घेऊनच आले. मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सची एक टोपली असते म्हणे. तीच टोपली म्युच्युअल फंडातूनही घेता येते, आणि ईटीएफ म्हणून बाजारातून भाव पाहूनही घेता येते. ईटीएफचा खर्च कमी. यांनी त्यातलाही सगळ्यात कमी खर्चाचा शोधून काढला होता.

"एजंट नको, कोणी नको," म्हणाले. "आपलं आपण घ्यायचं. भाव पडला की घ्यायचं."

खातं माझ्या नावानं उघडलं. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, आणि तेवढ्या वेळात यांच्या हातात मोबाइल नसतो. माझ्या हातात असतो. माझ्या हातात दामिनीही असते, पण ॲपमध्ये ते भरायला जागा नव्हती.

सकाळी चूल, गोठा, धुणं, सासऱ्यांची न्याहारी. भाव बघायला सवड मिळायची ती दुपारीच. जवळच्या बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानंही नेमकी तेव्हाच डोक्यावर घिरट्या घालतात. दामिनी दचकायची. एक हात तिच्या छातीवर ठेवून मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आकडे वर-खाली करत बसायचे. कधी भाव पडायचा, कधी नाही. डोळे मात्र रोज जड व्हायचे.

सासूबाई, शांतीबाई, ओसरीत बसून हे बघायच्या.

"का पाहून रायली वो एवढं?"

"भाव पाहून राहिली, आई."

"कायचा?"

"कंपन्यांचा."

"विकाच्या हायेत का तुले कंपन्या?"

मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

मागच्या मंगळवारी दामिनीला ताप होता. रात्री कोणीच झोपलं नव्हतं. सकाळी गेटवरून यांचा मेसेज आला: आज पडणार, दहा हजाराचं घे. दुपारभर दामिनी खांद्यावरून उतरलीच नाही. तीन वाजता डोळा लागला तिचा, आणि बसल्या जागी माझाही. जाग आली तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. घाईत मी भाव टाकलाच नाही, मिळेल त्या भावाचं बटण दाबलं.

मिळेल तो भाव मिळाला. यांच्या त्या स्वस्त ईटीएफमध्ये घेणारे-विकणारे थोडेच. टोपलीची किंमत शंभर असेल, तर मी एकशेतीन देऊन बसले होते. तीनशे रुपये गेले. ज्या खर्चाच्या फरकासाठी हा सगळा खटाटोप, तो आमच्या ऐंशी हजारांवर वर्षाला एकशेवीस रुपये होता. अडीच वर्षांची बचत एका बोटानं गेली.

"काऊन तोंड उतरलं तुयं?" आईंनी विचारलं. त्या लाखोरीची डाळ निवडत होत्या.

मी सांगितलं. भाव ठरवून मागायचं राहून गेलं, समोर एकच विकणारा होता, त्यानं सांगितला तो दिला.

"बाजार उठाच्या टायमाले गेली तू," त्या म्हणाल्या. "आन् दुसरं का म्हनते ते? फंड?"

"तिथं भाव दिवसाचा एकच असते, आई. सगळ्याईले सारखा. ठरल्या तारखेले बँकेतून पैसे आपोआप जातात. आपल्याले पाहत बसा लागत नाही."

"मंजे धान सरकारी खरेदी केंद्रावर देल्यासारखं."

"हो."

"मंग काऊन नाई करत?"

"खर्च जास्त आहे."

"किती?"

"वर्षाचे एकशेवीस."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गोरेगावच्या बाजारात मी वांगे घेऊन बसत होती," मग म्हणाल्या. "एकडाव तिलक मांडीवर तापानं फणफणत होता. बाया म्हने, दे टाकून, जाय घरी. मी म्हनलं, किलोमागं चार आने जास्त येतीन. दिवस बुडेपर्यंत उठली नाई."

"मग? आले चार आणे?"

"आले."

त्यांनी सूप पुन्हा उचललं. "त्याले नाई आठवत. मले आठवते." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आन तिले इकडं. पड जराशी."

मी पडले नाही. दामिनीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि तसल्याच टोपलीचा म्युच्युअल फंड शोधला. एजंटाशिवायचा, थेट कंपनीकडून घ्यायचा. दर महिन्याच्या पाच तारखेची एसआयपी लावली. घेतलेला ईटीएफ तसाच राहू दिला. पंधरा मिनिटं लागली. आठ महिन्यांत मी स्वतःच्या मनानं केलेला हा पहिलाच व्यवहार.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर यांचा फोन आला. तीनशे रुपयांचं आधी सांगितलं, मग फंडाचं.

"मला विचारायचं तरी," ते म्हणाले. "खर्च माहीत आहे ना तुला?"

"आहे. एकशेवीस रुपये."

"आज एकशेवीस. पैसे वाढतील तसा तोही वाढेल. वीस वर्षांनी किती होईल, केला हिशोब?"

"वीस वर्षांनी दामिनी दुपारची झोपणार नाही. तेव्हा घेईन ईटीएफ."

"आणि बाजार पडला तर? पडल्यावर घ्यायचं राहूनच जाईल."

"जाईल. पण मी थकली हो. तुमचा मोबाइल लॉकरमध्ये असते. माझाही एक तास ठेवू द्या कुठंतरी."

पलीकडं बसचा हॉर्न वाजला, कोणीतरी यांना हाक मारली. मला वाटलं आता फोन ठेवतील, आणि मग रविवारपर्यंत ते घरात नसतानाही घरात अबोला राहील.

"पाच तारीख नको," ते म्हणाले. "पगार सहाला होते. सात कर."

"करते."

"ताप उतरला काय तिचा?"

"उतरला."

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल कणगीवर ठेवून दिला आणि दामिनीशेजारी आडवी झाले. बाजार त्या दिवशी पडला की चढला, मला माहीत नाही. जाग आली तेव्हा ती माझ्या आधीच उठून बसली होती, आणि दोन बोटांनी माझी पापणी वर करून, आत कोणी आहे का बघत होती.