पारड्यात बसलेला वारा

टिंग! दुपारच्या शांत घरात माझं पितळी पारडं टेबलाला लागलं आणि शरीफाने आधी पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजी तोलणारा नव्हे, काडतुसात भरायची बंदुकीची दारू कणाकणाने मोजणारा. माझी दांडी सुरीसारख्या बारीक धारेवर टेकते, म्हणून मी असा हळवा. इथे सौदीतल्या अबकैकला एका नेमबाज साहेबांनी मला वर्षानुवर्षं जपलं. ते मायदेशी गेले आणि मी एका वर्कशॉपच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागे पडून राहिलो.

तिथून मला तिथेच काम करणाऱ्या शरीफाच्या नवऱ्याने, मोहियुद्दीनने, घरी आणलं. त्याचा कफील, म्हणजे त्याला इथे कामावर ठेवणारा सौदी मालक अबू यासीन, परवाना काढून घरीच काडतुसं भरायला शिकणार होता. सुरुवातीचं सामान तूच निवड, असं त्याने मोहियुद्दीनला सांगितलं होतं. काडतूस दाबायचा प्रेस ठरला, साचे ठरले. अडलं ते तराजूवर. मी, की नवा चकचकीत इलेक्ट्रॉनिक? मापात चूक झाली तर बंदूक त्या भल्या माणसाच्या गालाशीच फुटली असती. मोहियुद्दीनला जेवण गोड लागेना.

मिठाने आमची परीक्षा सुरू झाली. तीच चिमूट, पण माझी दांडी दर वेळी वेगळं सांगू लागली. इलेक्ट्रॉनिकचे आकडेही नाचत होते, पण तो पडला नवा, त्याला कोण बोलणार?

"खलास. म्हातारा झालाय हा," मोहियुद्दीन म्हणाला. "टाकून दे."

मी मनातून पार खचलो.

तेवढ्यात बाळ शिंकलं. शरीफाने उठून एसी बंद केला. या गावात एसी कोणी बंद करत नाही. त्याची घरघर कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. माझी दांडी दोनदा डुलली आणि स्थिर झाली.

"अम्मी, ये तो रुक गया," टेबलाला हनुवटी टेकून बसलेली झोया म्हणाली.

पुन्हा चिमूट, पुन्हा तेच माप. शरीफा हसली. "अहो, म्हातारा नाही झाला तो. तुमच्या एसीचा वारा तोलत होता बिचारा."

मोहियुद्दीनने मलाच निवडलं. नवशिक्याला डोळ्यांनी दिसणारं माप बरं, म्हणाला. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्याभोवतीचा वारा एकदा थांबवून बघा. एवढंच मागणं आहे.

शरीफा मला बाळाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळू लागली. याचं काय करणार, झोयाने विचारलं. अबू यासीन काका आकाशात उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडणार, खेळ असतो तो, शरीफाने सांगितलं.

झोयाने जरा विचार केला.

"और बीच में चिडिया आ गई तो?"