घरचा अहेर

प्राचीन हिब्रू धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तिला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने. संस्थेची प्रुफं ती एकोणीस वर्षं वाचत होती, झेरॉक्स मशीनमागच्या बिनखिडकीच्या खोलीत. तिच्याकडे पदवी नव्हती. हिब्रू ती बापाकडून शिकली. तो छापखान्यात खिळे जुळवायचा आणि त्याने मुलीला अक्षरं आधी उलटी, बोटांनी चाचपून शिकवली होती.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे तिचे थोरले दीर. नवरा गेल्यावर ही नोकरी त्यांनीच दिली, आणि तेव्हापासून दर कौटुंबिक जेवणात चारचौघांसमोर त्याची आठवणही करून दिली.

अध्यक्षांचं नाव जगभर झालं ते एका पुस्तकामुळे. तळहाताएवढ्या चर्मपत्राच्या तुकड्यावर त्यांनी एक ओळ वाचली होती: ‘एका ठिकाणी अर्पण करा.’ ती लिहिणारी जमात एकच पूजास्थान मानत होती, असं त्यावरून त्यांनी सहाशे पानांत सिद्ध केलं. ‘एक’ला हिब्रूत ‘एहाद’ म्हणतात. पण शेवटचं अक्षर द नसून र असेल, तर तोच शब्द ‘अहेर’ होतो, म्हणजे ‘दुसरा’. मग एकाच पूजास्थानाचा मुद्दाच उरत नाही. हिब्रूतल्या द आणि र मध्ये फरक एका कोपऱ्याचा. द चा कोपरा टोकदार, र चा गोल. घाईत आपल्या घ आणि ध चा घोळ होतो, तसाच प्रकार.

पुस्तकात एक तळटीप होती: ‘तुकड्याची पहिली नक्कल करणाऱ्या सहायकाने येथे र वाचला. ही नवशिक्याची चूक होय.’ तो सहायक म्हणजे तिचा नवरा. दोन आवृत्त्यांत ही तळटीप तिने स्वतः तपासून पुढे पाठवली होती. काना-मात्रा सगळी बरोबर.

चौथ्या आवृत्तीसाठी तुकड्याचे नवे फोटो आले, अवरक्त किरणांत काढलेले. अशा फोटोत जुनी काजळीची शाई काळी राहते, बाकीचे डाग पुसले जातात. बाराव्या फोटोत तो कोपरा गोल होता.

तिने भिंग लावून पाहिलं. मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं. दुपारी ती तडक ग्रंथालयाच्या तळघरात गेली. ग्रंथालय संस्थेपासून स्वतंत्र होतं, आणि तो तुकडा तिथेच ठेवलेला असे. तिथे जुन्या चर्मपत्रांची डागडुजी करणारी बाई होती, ठणठणीत आवाजाची, कुणाची भीडभाड न ठेवणारी. त्या बाईने तुकडा दिव्याखाली तिरका धरला.

“हे टोक शाईचं नाहीच. गोंद आहे, चिकटपट्टीचा, काळा पडलेला. तेव्हा तुकडे असेच चिकटवायचे, अक्कल गहाण ठेवून.”

“कुणी चिकटवला?”

डागडुजीवालीने जुनी नोंदवही उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. तारखेपुढे सही होती, अध्यक्षांची. त्या तारखेच्या नऊ दिवस आधी तिच्या नवऱ्याने नक्कल पुरी केली होती.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन अध्यक्षांच्या खोलीत गेली. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

“तुला प्रुफं वाचायला ठेवलंय. पुस्तक नाही.”

“भाऊजी, एकदा बघा तरी. कोपरा—”

“तुझ्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं. तू तर शाळेच्या पुढेही गेली नाहीस. आणि मला कोपरे शिकवणार?”

“मग परिषदेत दाखवते. तिथे शिकलेले बसतील.”

“तू सभासद नाहीस,” ते हसले. “दारात चहाचे कप मोजायला उभी राहा हवं तर.”

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. “ज्या माणसाने तुला उघड्यावर पडू दिलं नाही, त्याच्याच मुळावर उठलीस? पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.”

“चढणार नाही,” ती म्हणाली. फोन ठेवून तिने सभासदत्वाचा अर्ज काढला.

संस्थेची परिषद तीन वर्षांतून एकदा भरत असे आणि ती पाच आठवड्यांवर आली होती. सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या लागत. डागडुजीवालीने एक केली. दुसरीसाठी ती अध्यक्षांच्या जुन्या वैऱ्याकडे गेली. हा म्हातारा प्राध्यापक तीस वर्षं अध्यक्षांना पाण्यात पाहत होता. त्याने फोटो पाहिला, शब्द पुटपुटला आणि टाळी वाजवली.

“अहेर! अहो, घरचा अहेर म्हणतात तो हाच!” सही करता करता तो म्हणाला, “तुमच्या प्रेमाखातर करत नाहीये हं. त्याचा चेहरा बघायचाय.”

“मलाही तुमचं प्रेम नकोय,” ती म्हणाली आणि कागद ओढून घेतला.

परिषदेत तिला पाच मिनिटं मिळाली, शेवटच्या सत्रात, लोक बॅगा आवरत असताना. व्यासपीठावर अध्यक्ष स्वतःच होते.

“बोलण्यापूर्वी आपली पात्रता सभेला सांगा,” ते माईकवरून म्हणाले. दोनतीन जण हसले.

“पात्रता नाही. फोटो आहे.”

तिने पडद्यावर आधी जुना फोटो लावला, मग नवा. त्याच तुकड्यावरचे बाकीचे चार द दाखवले, सगळे टोकदार. मग हा एक. बॅगांच्या चेन थांबल्या. तिला तीन मिनिटंही लागली नाहीत.

“फोटोतला दोष असेल,” पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“प्रुफवालीने विद्वानांना शिकवायचं, एवढंच बाकी होतं!” दुसरा.

तेव्हा मागून डागडुजीवाली उठली आणि नोंदवहीतली ओळ वाचली. तारीख, चिकटपट्टी, आणि सही कुणाची ते. म्हातारा प्राध्यापक फिदीफिदी हसला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “वेळ संपली,” ते म्हणाले आणि माईक बंद केला.

कोट ठेवायच्या खोलीत ते तिच्या मागोमाग आले. तिथे दोघांशिवाय कुणी नव्हतं.

“झालं समाधान?”

“ती तळटीप काढा.”

ते बराच वेळ आपल्या कोटाची बाही शोधत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. र आहे म्हणून. मीही पाहिला होता.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “गोंद लावायच्या आधी?”

त्यांनी मान डोलावली.

“मग लिहिलं का नाहीत?”

“तो धाकटा होता,” ते म्हणाले, जणू याहून जास्त सांगायची गरजच नव्हती.

नवरा शेवटची दोन वर्षं हिब्रूचं पान उघडत नसे. माझी नजरच अधू, म्हणायचा. थोबाडीत मारावी असं वाटलं, आणि मारली नाही याची चुटपुट तिला पुढे कित्येक दिवस लागून राहिली. तिने एवढंच म्हटलं, “आता मला भाऊजी म्हणायला लावू नका,” आणि बाहेर पडली.

पुढच्याच आठवड्यात ‘कार्यालयाची पुनर्रचना’ म्हणून तिची नोकरी गेली. संस्थेच्या त्रैमासिकाने तिचं टिपण शेवटच्या पानावर बारीक टायपात छापलं, तेही तीन चुकांसह. चौथी आवृत्ती निघालीच नाही. म्हातारा प्राध्यापक गावोगाव व्याख्यानं देत हा शोध आपलाच असल्यासारखा सांगू लागला. तिने त्याला चार ओळींचं असं पत्र धाडलं की त्याने तिला ओळख दाखवणंच सोडलं.

गोंद लागलेल्या तुकड्यांच्या अडतीस पेट्या तळघरात पडून होत्या. डागडुजीवालीने भांडून तिला ते तुकडे वाचायच्या कामावर घेतलं. अध्यक्षांनी लगेच ग्रंथालयाला पत्र लिहिलं: अशा अशिक्षित व्यक्तीच्या हाती हा ठेवा देणं धोक्याचं आहे. ग्रंथालयाच्या प्रमुखांनी ते तिला दाखवलं.

“काय उत्तर देऊ?”

“देऊ नका. त्यांना वाट पाहू द्या,” ती म्हणाली, आणि पहिल्या पेटीचं झाकण उचललं.