ठिपका उलटा फिरला

माझी बायको सेव्जिद वयाची साठी उलटल्यावर गोबीचं वाळवंट पायी ओलांडायला निघाली, त्या सकाळी माझ्याकडे एकच काम होतं. कानफाट्याची दोरी धरून उभं राहायचं. तेही मला नीट जमलं नाही. कानफाट्या हा आमचा उंट. लहानपणी लांडग्यानं त्याचा डावा कान फाडला, पण मिजास अजून दोन्ही कान शाबूत असल्यासारखी. त्याच्या पाठीवरच्या ओझ्यातून चुलीचं धुराडं बाहेर आलं होतं. तो वळला आणि ते खाडकन माझ्या कपाळावर बसलं. वर तो माझ्या टोपीवर शिंकला. निरोपाला आलेले लोक हसले. सेव्जिदनं माझ्या हातून दोरी काढून घेतली.

"सोड रे म्हाताऱ्या. तू आपला आत जाऊन वाच."

तिच्याबरोबर तिच्या तीन मैत्रिणी होत्या, सगळ्या तिच्याच वयाच्या, आणि तीन उंट. आमच्या गावापासून पूर्वेला खामरच्या मठापर्यंत जायचं, पाचशेच्या वर किलोमीटर. कशासाठी, असं मी तिला एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, "जन्मभर हरवलेल्या उंटांच्या मागे चालले. एकदा उंटांच्या पुढे चालून बघते." यावर मी नुसती मान डोलावली. मला पटकन काही सुचत नाहीच.

निघण्याआधी तिनं तोमोरला हाक मारली. तोमोर आमच्या भागाचा प्रमुख. सरकारी जीप त्याच्या ताब्यात असते.

"तोमोर, एक ऐकून ठेव. आमच्यामागे मोटार आली की आमचं चालणं तिथंच संपलं. आम्ही मुकाट्यानं मोटारीत बसू आणि परत येऊ. तेव्हा उगाच प्रेमापोटी मोटार पाठवू नकोस."

"आणि रागापोटी पाठवली तर?"

"तरी नको."

वाट सुखाची व्हावी म्हणून दुकानवाल्या दुलामनं त्यांच्यामागे पळीनं दूध उडवलं. चौघी पूर्वेकडे चालू लागल्या आणि मी, सांगितल्याप्रमाणे, आत गेलो.

पण वाचायला कुठलं जमतंय! गावचं वाचनालय मी जन्मभर सांभाळलं. निवृत्त झालो तरी माझ्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून किल्ली माझ्याकडेच राहिली. तिथला जुना संगणक हा गावातला सर्वांत मोठा पडदा. सेव्जिदच्या मैत्रिणीच्या सुनेनं शहरातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र पाठवलं होतं. ते जिथं असेल तिथं नकाशावर लाल ठिपका दिसायचा. तो बघायला माणसं वाचनालयात येऊ लागली. ज्यांनी जन्मात पुस्तकाला हात लावला नव्हता, ते रोज सकाळी दारात हजर. मला आधी संकोच वाटला. एवढ्या माणसांशी काय बोलायचं? मग लक्षात आलं की कुणालाच माझ्याशी बोलायचं नव्हतं. त्यांना ठिपका हवा होता.

दुलाम मधल्या खुर्चीत बसायची. तिच्याजवळ चहाचा मोठा थर्मास असे.

"थांबल्या!" ठिपका जरा वेळ हलला नाही की ती जाहीर करायची. "चहाला थांबल्या. काढा रे आपापले वाडगे."

मग सगळे चहा प्यायचे. ठिपका चालू लागेपर्यंत कुणी उठायचं नाही. हळूहळू गावाचा सगळा चहा ठिपक्याच्या वेळेवर होऊ लागला. एकदा ठिपका दुपारभर एकाच जागी राहिला तेव्हा दोन थर्मास संपले आणि जीपचा ड्रायव्हर गालबा म्हणाला, "आता त्या नाही निघाल्या तर माझं पोट फुटेल." संध्याकाळी घरी जाताना मला जाणवायचं की मी स्वतःशीच हसतोय. तेव्हा इकडेतिकडे बघून घ्यायचो, कुणी पाहिलं तर नाही ना.

झागच्या विहिरीपुढे एक दिवस ठिपका उलटा फिरला.

सकाळी आम्ही पाहिलं तर तो वायव्येला चालला होता. घराकडे.

"काहीतरी विसरल्या असतील," दुलाम म्हणाली.

"एवढ्या लांबून कोण परत येतं?" गालबा म्हणाला. "माझी बायको पातेलं विसरली तर नवीन मागते."

दुपार झाली. ठिपका चालतच होता. चहाला थांबला नाही. दुलामनं थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं. चौघींचे फोन लागत नव्हते, पण ते तसे एरवीही लागत नसत. मग तोमोर आला. टोपी काढून तो नकाशासमोर उभा राहिला.

"कुणीतरी आजारी पडलंय, गुरुजी. आजारी माणसाला घेऊन परत येतायत. मला तर तसंच दिसतंय. गालबाला पाठवतो."

"पण तिनं सांगितलंय—"

"सांगितलंय ते मला माहीत आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मला विचारतील. सेव्जिदकाकू तुमची बायको. पाठवू की नको, ते तुम्ही सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. त्यात नाटक नव्हतं, माणसांपेक्षा नकाशाकडे बघणं मला सोपं जातं. आणि बघता बघता मला काहीतरी विचित्र दिसलं. सकाळी रेडिओवर वायव्येचा वारा सांगितला होता, धुळीसकट. ठिपका तेव्हा वायव्येलाच तोंड करून चालला होता. दुपारी वारा नैर्ऋत्येचा झाला. ठिपकाही नैर्ऋत्येला वळला होता, कुणी वेसण धरून ओढल्यासारखा.

धुळीच्या वाऱ्यात माणूस वाऱ्याकडे पाठ फिरवतो. मेंढ्या वाऱ्याबरोबर वाहत जातात. वाऱ्याच्या तोंडावर चालत जातो तो उंट. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र ते पुस्तकात वाचून माहीत. माझ्या सात पिढ्यांत कुणी उंट पाळला नाही. कानफाट्या सेव्जिदच्या माहेरचा. त्यामुळे बोलावं की नाही, या विचारात मी बराच वेळ घालवला.

"दुलाम," शेवटी मी विचारलं, "ते यंत्र कुणाकडे होतं?"

"सेव्जिदकडेच. तिनं माझ्याकडून चांगली दोरीसुद्धा नेली."

"दोरी कशाला?"

"बांधायला."

"कुणाला बांधायला?"

दुलामनं उघडलेलं तोंड हातानं झाकलं. गालबा हळूच खाली बसला. आमच्याकडे अशी यंत्रं काही नवी नाहीत. निम्म्या उंटांच्या गळ्यात ती असतात, कळप चरायला सोडून घरी बसायची सोय म्हणून. हे यंत्र माणसांसाठी पाठवलंय, ही गोष्ट शहरातल्या सुनेला सांगावीशी वाटली नाही आणि आमच्या बायकांना सुचली नाही.

"अहो, पण माणसाला कोण यंत्र बांधतं?" दुलाम चिडून म्हणाली, जणू मी तिच्यावरच आरोप केला होता. "माणूस हरवला तर रस्ता विचारत येतो. उंट कुणाला विचारणार?"

"म्हणजे इतके दिवस आपण उंटाबरोबर चहा पीत होतो?" तोमोर म्हणाला.

हशा पिकला. मीही हसलो. मग हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं, कारण पुढची गोष्ट सगळ्यांना एकदमच कळली. सेव्जिदचा कानफाट्या सुटून एकटा घराकडे निघाला होता. बायका कुठं आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याच्या पाठीवर पाणी असेल तर?

"आता तर जीप पाठवायलाच हवी," तोमोर म्हणाला.

मी कपाळ चोळलं. टेंगूळ उतरलं होतं, पण जागा अजून हुळहुळत होती. धुराडं. कानफाट्यावर चूल होती, पातेली होती, लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या होत्या. पाण्याचे डबे मी दुसऱ्या उंटांवर पाहिले होते. पाहिले होते ना? पुस्तकातलं पान मला वर्षानुवर्षं आठवतं, ओझी आठवत नाहीत. आणि वाटेत त्यांनी ओझी बदलली असतील तर? पण झागची विहीर मागे फार लांब नव्हती, आणि पुढे अर्ध्या दिवसावर चुल्तेम या म्हाताऱ्या उंटपाळाचा शरद ऋतूतला तळ होता. पाणी असलं तर त्या चौघी तिथं पोचणार. आणि आपण जीप पाठवली तर त्या शब्दाला जागून जीपमध्ये बसणार, धडधाकट असताना, उंटाच्या चुकीपायी. सेव्जिद मला एका शब्दानंही बोलणार नाही, एवढं मला नक्की माहीत होतं. तेच मला सहन झालं नसतं.

आणि मी चुकत असलो तर?

"नका पाठवू," मी म्हटलं.

"काय?" तोमोरनं कान पुढे केला. "मोठ्यानं सांगा, गुरुजी. लोकांसमोर सांगा. उद्या मला साक्षीदार लागतील."

मी उभा राहिलो.

"गाडी पाठवू नका!"

आवाज एवढा मोठा आला की मी स्वतःच दचकलो. कपाटाची काच वाजली. दुलामनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली होती.

"उद्या दुपारपर्यंत," तोमोर म्हणाला. "त्यानंतर मी तुमचंही ऐकणार नाही."

चुल्तेमच्या तळावर फोन लागत नाही. जवळच्या टेकडीवर कुणी चढलं तरच लागतो. आम्ही त्याच्या फोनवर निरोप पाठवून ठेवले. ती रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. सांगण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोमोरच्या कचेरीत टेबलाभोवती बसलो. मध्ये फोन. बाहेर गालबानं जीप सुरू करून ठेवली होती, तिचा आवाज माझ्या दातांत घुमत होता. दुलामनं चहा ओतला, कुणी वाडगा उचलला नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं आणि तोमोर मुद्दाम त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याबद्दल मी मनात त्याचे आभार मानले.

फोन वाजला. तोमोरनं आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे चुल्तेम म्हातारा.

"काय गुरुजी, शरद ऋतू सुखात चाललाय ना?"

"सुखात."

"जनावरं धष्टपुष्ट?"

माझं एकुलतं एक जनावर दोर तोडून पळालं होतं. "धष्टपुष्ट," मी म्हणालो.

"तुमच्याकडे गवत कसं काय यंदा?"

तोमोर टोपीची कड चावायला लागला. पण करणार काय? चुल्तेम ऐंशीचा. तो विचारतोय तोवर आपण मध्ये बोलायचं नाही, आणि काहीही विचारलं तरी उत्तर चांगलंच द्यायचं. घर जळत असलं तरी आधी सुखात म्हणायचं, मग बादली मागायची.

"गवत बरं आहे. तुमच्याकडे सगळं सुखात?"

"सुखात, सुखात."

त्याचा अर्थ काहीच नव्हता. चुल्तेमनं पावसाची चौकशी केली. आमच्या विहिरीची केली. दुलामच्या मेलेल्या सासऱ्याची आठवण काढली आणि तिलाही, डोळे मिटून, "सुखात गेले" असं म्हणावं लागलं.

"बरं, तर," चुल्तेम म्हणाला, "इथं काल संध्याकाळपासून चार बाया येऊन बसल्यात. उंटिणीचं आंबवलेलं दूध होतं तेवढं प्याल्या. आता म्हणतात, फोन द्या."

तोमोरनं टोपी छताकडे उडवली. दुलाम रडायला आणि चहा प्यायला एकदमच लागली आणि तिला ठसका लागला.

"म्हाताऱ्या!" सेव्जिदचा आवाज, मागे सूं-सूं वारा. "कानफाट्या पोचला का रे?"

"अजून वाटेत आहे. पाणी?"

"पाणी दुसऱ्या दोघांवर. त्या नालायकावर मी पाणी लादीन होय? पण चूल घेऊन गेला मेला. चुल्तेमच्या सुनेनं आम्हाला पातेलं दिलंय आणि तिवई दिलीय." मग ती फोनच्या जवळ आली असावी. आवाज बारीक झाला. "खरं सांग. जीप निघालीय का? कालपासून मी पश्चिमेला बघतेय. जरा कुठं धूळ उठली की मी उठून उभी राहते. म्हटलं, आली. संपलं आता."

"नाही निघाली."

"तोमोरला एवढी अक्कल आली?"

तोमोर फोनवर वाकला. "अक्कल माझी नाही, काकू. मी पाठवतच होतो. गुरुजींनी अडवलं. उभं राहून, मोठ्यानं."

वाऱ्यातून सेव्जिदचा आवाज आला.

"कोण, आमचा? मोठ्यानं?"

मग चौघी हसल्या. टेकडीवर हसणाऱ्या चार बायकांचा आवाज काय असतो ते मला तोवर माहीत नव्हतं.

"मोठ्यानं म्हणजे कसं?" सेव्जिद म्हणाली. "मला ऐकायचंय."

"आता कशाला?"

"जन्मभर 'हळू बोला' म्हणत बसलेला माणूस तू. ऐकव."

माझे कान तापले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि या वेळी नकाशा समोर नव्हता. मी उभा राहिलो.

"गाडी पाठवू नका."

"वारा आहे इथं. काही ऐकू येत नाही."

"गाडी पाठवू नका!"

"अं?"

"गाडी! पाठवू! नका!"

दार धाडकन उघडलं. गालबा आत घुसला, हात वर, हातात किल्ली.

"अहो गुरुजी, मी कुठं निघालोय? जागेवरच आहे! नुसतं इंजिन चालू होतं. बंद केलं. हे बघा, बंद केलं!"

"हं, आता आलं ऐकू," फोनमधून सेव्जिद म्हणाली. मग तिनं तोंड वळवलं असावं, कारण आवाज लांब गेला. "ऐकलंत ना? उठा गं. चला."