तोंड आलंय म्हणे!

"तोंड आलंय रे तुझं. पोट साफ नसणार," मार्तंड म्हणाला. मार्तंड म्हणजे माझा मेव्हणा. कारकुनीतून रिटायर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर झाला. "गुलकंद खा."

खाल्ला. जाईचा पाला चावला, तुरटीने चुळा भरल्या. तीन महिने मी फोडांनी तळमळत होतो आणि घाटकोपरची आमची अख्खी सोसायटी माझ्या पोटाची चौकशी करत होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आतला तुकडा काढून तपासला. पेम्फिगस. "शरीराची संरक्षणयंत्रणाच तुमच्या कातडीवर उलटलीये," त्या म्हणाल्या. म्हटलं चला, घरातलेच निघाले!

स्टिरॉइडच्या गोळ्या, लहान मुलांचा ब्रश, मिरची बंद. मालवणी माणसाला मिरची बंद! घरचे बांगड्याचं तिखलं ओरपायचे, मी थंड पेज गिळायचो. पण दोन महिन्यांत तोंड बरं झालं. फक्त चेहरा सुजला.

"स्टिरॉइड? हाडांचा भुगा होईल! पोरीच्या लग्नाच्या फोटोत भोपळा दिसशील. बंद कर," मार्तंड म्हणाला. आणि मी अकलेचा कांदा, केल्या बंद.

दहा दिवसांत फोड परत, आधीपेक्षा जास्त. श्रुतिकाच्या लग्नाला उरले तीन आठवडे. आमच्यात लेकीच्या लग्नाचं गाऱ्हाणं बापच घालतो. देवासमोर नारळ ठेवून तो खणखणीत आवाजात एकेक मागणं मागतो, भावकी 'व्हय म्हाराजा' म्हणते. मला तर लेकीचं नावही धड उच्चारता येईना. रडलो, खरंच रडलो. "ह्या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात!" डॉक्टरीणबाईंनी झापलं आणि डोस वाढवला. मार्तंडने लगेच धीर दिला, "घाबरू नको, गाऱ्हाणं मी घालतो." वा रे वा! वाट लावणारा हाच, आणि मानही ह्यालाच!

लग्नाच्या सकाळी फोड थोडे बसले होते, पण जीभ अजून सोललेलीच. मार्तंड नारळाकडे सरकला. मी आधी उचलला. प्रत्येक शब्दाला आग होत होती, तरी सोडलं नाही.

"बा देवा म्हाराजा! माज्या चेडवाचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण माका औषध सोडूक सांगतलो, तेचा तोंड येऊंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीप्रमाणे सगळ्यात मोठा आवाज मार्तंडचा होता.