टाचबाबाची फळी

मी गोदामात शिरले तेव्हा फळीवर एक म्हातारा पोस्टमन पालथा पडला होता. दोघा सेवकांनी त्याचे दंड धरले होते, तिसऱ्याने मान दाबली होती. टाचबाबाने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, एक पाय वर घेतला आणि अंगातला सगळा जोर टाचेत आणून ती म्हाताऱ्याच्या कमरेत हाणली.

‘कटाक्!’

म्हातारा असा किंचाळला की पत्र्याखाली बसलेली कबुतरं उडाली. आणि समोर आपापली कंबर धरून बसलेल्या दीडदोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“ऐकलंत?” टाचबाबा गरजला. “कुलूप उघडलं! कण्यात मणके बत्तीस, कुलपं बत्तीस, आणि किल्ली ही एकच!” त्याने टाच उंच करून सगळ्यांना दाखवली. तिला भेगा पडल्या होत्या. लोकांनी तिलाही हात जोडले.

बत्तीस दात असतात, मणके नाहीत. पण हे सांगत बसायची ती वेळ नव्हती. मी माझ्या दादाला शोधत होते.

मी हाडांच्या रुग्णालयात, संशोधन विभागात काम करते. नाव भारदस्त, काम साधं. कंबरदुखीचे रुग्ण येतात त्यांचे पाय मोजायचे, टाचणी टोचून कुठे कळतं आणि कुठे नाही ते लिहायचं, आणि सहा आठवड्यांनी त्यांना बोलावून पुन्हा तेच करायचं. आमच्या डॉक्टरीणबाईंचा एक कडक नियम आहे. टाचेला टाच लावून पाय मोजायचे नाहीत. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत फीत धरायची, तीही दोनदा. कामावर आल्या दिवशी त्यांनी मला झोपवून माझेच पाय मोजून दाखवले होते. दोन्ही चौऱ्याऐंशी सेंटीमीटर भरले.

दादा ट्रकवर फरशा चढवतो. चढवायचा. त्या दिवसाच्या तीन आठवडे आधी त्याच्या कण्यातली एक गादी सरकली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, विश्रांती सांगितली आणि निघताना बजावलं, “हे बहुतेक आपोआप बसेल. पण मांड्यांच्या मधे बधिर झालं किंवा लघवी अडली, तर हातातला घास टाकून इथे या. तिथल्या नसा चेपल्या तर पाय जातात, आणि मग मी काही करू शकत नाही.” दादाने मान हलवली. वहिनीनेही हलवली. आणि त्या दिवशी दुपारी शेजारीण धापा टाकत विभागात आली आणि म्हणाली, “तुझ्या भावाला सकाळीच उचलून टाचबाबाकडे नेलंय.”

तो भिंतीपाशी सतरंजीवर पडला होता. वहिनी उशाशी बसली होती. ती शिवणकाम करते. घाईत निघाली असावी, मापाची फीत गळ्यात तशीच होती.

“किती टाचा झाल्या?” मी विचारलं.

“दोन. तिसरी बसली की चालत घरी जातील म्हणालेत.”

“दादा, पाय कसे आहेत?”

“मुंग्या होत्या, त्या गेल्या,” तो हळूच म्हणाला. “आता काहीच नाही.”

“मांडीच्या आत?”

तो वहिनीकडे बघून लाजला. “कळत नाही.”

“लघवी?”

“सकाळपासून नाही झाली.”

माझ्या कॉलरला कामाची टाचणी होती. ती काढून मी त्याच्या मांडीत आतल्या बाजूला टोचली. रक्ताचा टिपूस आला. दादा छताकडे बघत पडून होता. टोचलेलं त्याला कळलंच नव्हतं.

“वहिनी, ऊठ. आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायचं.”

“वन्सं, तुम्ही मधे पडू नका! त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड झालेला, मी या डोळ्यांनी बघितला. टाच बसली आणि सरळ झाला. तुमच्या डॉक्टरीणबाईंना दिसला का तो?”

मी दादाच्या काखेत हात घालून त्याला ओढायला लागले. एक सेवक धावत आला. “दोन टाचा घेऊन उठलं की दुखणं उलटतं! मेला तर कोण जबाबदार?” मी हात सोडला नाही. त्याने माझं मनगट पिरगाळलं आणि मला खोक्यांच्या ढिगावर भिरकावलं. ओठ फुटला. दीडदोनशे माणसांतलं एकही जागचं हललं नाही. एक बाई तेवढी म्हणाली, “शिकलेल्या बायांना असाच तमाशा लागतो.”

चीड आली, रडूही आलं. पण एवढ्या गड्याला मी एकटी उचलणार कशी, आणि वहिनी माझ्या बाजूला नसताना मला त्याला नेऊ कोण देणार? वहिनीला पटवल्याशिवाय दादाचे पाय वाचणार नव्हते. मी तोंडातलं रक्त थुंकले आणि ओरडले, “बाबा! माझीही कंबर दुखते. आधी मला घ्या!”

टाचबाबाची कळी खुलली. “बघा, विरोध करणारीच शरण आली! ये, पोरी.”

मी फळीवर पालथी पडले. त्याने माझे दोन्ही घोटे पकडले, आणि पकडताना दोन्ही पाय हळूच एका बाजूला सरकवले. मग टाचेला टाच लावली. “डावा आखूड! दोन बोटं!” लोक हळहळले.

मी उताणी झाले. “वहिनी, फीत घेऊन इकडे ये.”

“फितीने कापड मोजतात, दोष नाही!” बाबाने टोमणा मारला. लोक हसले.

“वहिनी, गिऱ्हाइकाचं माप तू दोनदा घेतेस. नवऱ्याचा पाय आखूड झाला म्हणाले, तेव्हा फीत गळ्यातच होती ना तुझ्या?”

हे तिला झोंबलं. ती तरातरा आली. कुठल्या हाडापासून कुठल्या हाडापर्यंत धरायचं ते मी दाखवलं. तिने डावा मोजला, उजवा मोजला. पुन्हा डावा मोजला, पुन्हा उजवा.

“चौऱ्याऐंशी,” ती म्हणाली. “दोन्ही चौऱ्याऐंशी.”

“आता माझे घोटे धर आणि दोन्ही पाय जरा तुझ्याकडे ओढ. टाचा जुळवून बघ.”

“अगं बाई! एक आखूड झाला!”

“आता पलीकडे सरकव.”

“आता दुसरा!”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू टाचबाबाला सोसलं नाही. “अवदसा!” म्हणत तो फळीकडे धावला. सेवकाने माझे खांदे दाबले. टाच वर गेलेली मला दिसली, आणि वहिनीने “वन्सं!” म्हणून किंचाळत, सेवकाच्या हाताला कडकडून चावून, मला दंडाला धरून खाली खेचलं.

टाच रिकाम्या फळीवर बसली.

‘कटाक्!’

तोच आवाज, तेवढाच मोठा. कबुतरंसुद्धा पुन्हा उडाली. फळीवर मात्र कुणाची पाठ नव्हती.

मघाचा पोस्टमन कंबर धरून कण्हत उठला. त्याने एकट्याने ती फळी उलटी केली. खाली दोन पातळ, वाळक्या लाकडी पट्ट्या एका टोकाला खिळ्याने ठोकलेल्या होत्या. फळी दबली की एकमेकींवर आपटायच्या. म्हाताऱ्याने अंगठ्याने दाबून बघितलं. ‘कटाक्.’

पहिली चप्पल त्यानेच मारली. मग सगळेच तुटून पडले. ज्या टाचेला हात जोडले होते तीच धरून बाबाला फरफटत नेलं. लाथा, बुक्के, खोक्यांच्या फळकुटांचे तडाखे. त्याचा एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. बत्तिसातलं एक कुलूप कमी झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

भानावर होती ती एकटी वहिनी. ती गर्दीत घुसली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “त्याला मारायला शंभर जण आहात! माझ्या माणसाला उचलायला चार तरी या!”

चार जण आले. मी पट्ट्या उपटून काढल्या आणि त्याच फळीवर दादाला सरळ झोपवलं. भर रस्त्यातून आम्ही त्याला नेलं. वहिनी त्याची मान धरून पळत होती आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत होती.

डॉक्टरीणबाईंनी तासाभरात शस्त्रक्रिया सुरू केली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “दुसऱ्या लाथेच्या आधी आणलं असतं तर...” आणि हात धुवायला निघून गेल्या. लघवी ताब्यात यायला चार महिने लागले. उजवा पाय परत आला. डाव्याचं पाऊल अजून लोंबतं. ते वर धरायला वहिनीने एक पट्टा शिवलाय. शिवताना माप तीनदा घेतलं.

त्या दिवशी गोदामात बसलेले लोक मला अजून विचारतात, “पण कित्येकांना गुण आला होता, त्याचं काय?” आला होता. आमच्या वह्या उघडून बघा. सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांचं सहा आठवड्यांत आपोआप कमी होतं, लाथ खा अगर खाऊ नका. जे बरे झाले ते टाचबाबाचं नाव घेत फिरले. जे लुळे झाले ते घरात पडून राहिले, आणि पडून राहिलेल्यांना कुणी विचारायला गेलं नाही. आणखी एक सांगते, राग आला तरी चालेल. ज्या आवेशाने तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्याच आवेशाने त्याला बडवलंत. फळी उलटी करून बघायचं मात्र एका म्हाताऱ्यालाच सुचलं, तेही कंबर मोडून घेतल्यावर. ती पहिल्या दिवशी उलटी केली असती तर एवढ्या पाठी वाचल्या असत्या.

ती फळी आता आमच्या विभागात आहे. तसल्याच पट्ट्या आम्ही तिला पुन्हा ठोकून घेतल्या. दादा आठवड्यातून दोनदा येतो आणि नवे रुग्ण जमले की त्यांच्यासमोर चांगला पाय फळीवर आपटतो. कटाक् वाजतं. माणसं दचकतात, मग हसतात. दादा हसत नाही. डाव्या पायाची विजार वर करून तो वहिनीने शिवलेला पट्टा दाखवतो.

“आवाज फळीचा होता,” तो सांगतो. “पाय माझा गेला.”