पाणी मारलेला कापूस

पाचोऱ्याच्या कापूस केंद्रावर भिकन मापाड्यानं वजन सांगितलं की शब्द संपला. तालुक्यात गाडीभर खोटं बोलणारे पुष्कळ होते, पण भिकनच्या काट्यापुढे आले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. काही शेतकरी कापसावर पहाटे पाणी मारून आणत. ओला कापूस जड भरतो, हे खानदेशात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. भिकन गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढून गालाला लावायचा आणि एवढंच म्हणायचा, "घरी ली जा भाऊ. वाळाड, मंग लई ये." वजनाला फसणारा माणूस तो नव्हताच. म्हणून तो जिथे फसला ते सांगायला लाज वाटते, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

भिकनला जुळं होतं. मंजुळा आणि आधार. मंजुळा पाऊण तासानं मोठी. शहाऐंशी सालच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा मंजुळाला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले आणि आधारला एकावन्न. मास्तरांनी मंजुळाला हार घातला. आधारनं घरी येऊन स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला, कारण त्याला तिचं कौतुक होतं आणि पुढच्या शिक्षणाची धास्ती.

सायन्सला जायचं म्हणजे जळगावला राहायचं. तिथे भिकनची मेहुणी पार्वताबाई दीड खोलीत राहत होती. तिचा निरोप आला, एक लेकरू धाडा, दुसऱ्याला पाय पसरायला जागा नाही. भिकनची बायको द्रौपदाबाई म्हणाली, मंजुळाला धाडा. भाऊबंद म्हणाले, पोरगा घरी बसवून पोरगी शिकवतोस, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? भिकन दोन दिवस जेवला नाही. तो वाईट बाप नव्हता, दोन्ही लेकरांवर त्याचा सारखाच जीव होता. कुणी आपल्याला पक्षपाती म्हणू नये, एवढीच त्याची हौस.

"मार्क तर शेतस ना समोर," द्रौपदाबाई म्हणाली.

"मार्क म्हंजे भाव," भिकन म्हणाला. "भाव आज एक, सकाय एक. माल किती शे ते देखानं पडी."

आता डोक्यातला माल कसा मोजायचा? तो शाळेतल्या तोताराम सरांकडे गेला. सर शास्त्र शिकवायचे. त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं, की पुरुषाचा मेंदू सरासरी इतका भरतो आणि बाईचा त्याहून सव्वाशे ग्रॅम कमी. भिकननं दोनदा विचारून खात्री केली आणि तो उठला. "अहो बसा, पुढचं ऐका," सर म्हणाले, "शरीराच्या मानानं पाहिलं तर..." पण काटा एकदा थांबला की पुढचं बोलणं ऐकायची भिकनला सवय नव्हती. जन्मभर प्रत्येक शेतकरी काटा थांबल्यावर काहीतरी बोलतच आला होता.

रात्री जेवताना त्यानं निकाल सांगितला. आधार जाईल. ह्यात कुणाची बाजू नाही, वजन आहे. द्रौपदाबाईनं ताट सरकवलं. आधारनं मान खाली घातली. मंजुळा चुलीपुढे भाकरी थापत होती, ती थापायची थांबली नाही. केंद्रावर बापाचा डबा घेऊन जाताना तिनं त्याचं सगळं काम पाहिलेलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "पानी मारेल कापूसबी जड भरस ना?"

भिकन पोट धरून हसला. पाणी आलं डोळ्यांतून. दुसऱ्या दिवशी केंद्रावर हमालांना त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली, तेही हसले. "पोर भलती हुशार शे," तो अभिमानानं म्हणाला. आणि त्याच आठवड्यात आधारची वळकटी बांधून त्याला जळगावच्या गाडीत बसवून आला. अशा माणसाला काय म्हणावं? उत्तर हातात पडलं होतं. त्यानं त्याला शाबासकी दिली आणि बाजूला ठेवलं.

दिवाळीला आधार घरी आला तो गणितांची वही घेऊन. त्याला सुटत नव्हती. अकरावीचं तोंडही न पाहिलेल्या मंजुळानं त्याचं पुस्तक चार दिवस वाचलं आणि पाचव्या दिवशी गणितं सोडवायला लागली. भिकननं ते ओट्यावरून पाहिलं. भावाला किती जीव लावते, असं त्याच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत त्यानं साक्रीकडच्या एका कोरडवाहू गावात तिचं लग्न करून दिलं.

आधार बारावीला दोनदा नापास झाला. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहिला. "आबा, ते सव्वाशे ग्रॅम मना डोकामा कोठे शेतस? मी दोन वरीस शोधी ऱ्हायनू. माले सापडतस नही." तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. आता तो भडगावच्या नाक्यावर पंक्चर काढतो आणि बाप घरी नसेल अशा वेळी आईला भेटून जातो.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात केंद्रावर थप्पीवरून एक पोतं घसरलं आणि भिकनच्या डोक्यावर आलं. त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. अकरा टाके पडले. टाके घालणारी डॉक्टर पंचविशीतली पोरगी होती. तिचे हात भराभर चालत होते. भिकनला एकाएकी मंजुळाचे भाकरी थापणारे हात आठवले, आणि त्यानं इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं विचारलं.

"डॉक्टरबाई, बाईमाणसाचा मेंदू हलका असतो, हे खरं का?"

"खरं आहे," ती म्हणाली. "अंगही लहान असतं ना बाबा. उंच माणसाचे पाय मोठे असतात, म्हणून काय तो जास्त शहाणा चालतो? हत्तीचा मेंदू पाच किलोचा असतो. हत्तीला विचारून पोरी शाळेत घालायच्या का?"

"म्हंजे फरक नाहीच?"

"बारीकसारीक फरक शोधताहेत लोक. पण दोन मेंदू माझ्या हातात ठेवा, त्यातला बाईचा कुठला हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि हुशार कुठला हे तर कुणीच सांगणार नाही. वजनावरून ते कळत नसतं." तिनं दोरा कापला.

"ओला कापूस," भिकन पुटपुटला. तिला वाटलं, भूल चढलीय.

दवाखान्यातून सुटल्यावर तो पाचोऱ्याला गेला नाही. साक्रीच्या एस.टी.त बसला. मंजुळाची पोर ताईबाई नऊ वर्षांची होती. चौथी पास झाली होती. पाचवीची शाळा दीड कोसावर, म्हणून तिला घरी बसवली, असा निरोप गेल्याच महिन्यात आला होता. तेव्हा भिकननं ऐकून सोडून दिला होता. आता खिडकीला डोकं टेकवून तो सारखं एकच घोकत होता, की मंजुळाचं गेलं ते गेलं, ही एक तरी वाचवायची. आपलंच तोंड उघडून सांगायचं, की वजन चुकलं.

तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. मंजुळा अंगणात शेंगा फोडत बसली होती. सत्तावीस वर्षांची बाई, पण अंगणात शिरणाऱ्यानं चाळिशीची धरली असती. बापाचं पट्टी बांधलेलं डोकं पाहून ती धावली, पाणी दिलं, चहा टाकला. भिकननं चहा निवू दिला.

"मंजुळा, मनी चूक व्हयनी. डोकानं वजन काही खरं नही. ताईबाईले शाळामा घाल."

ती शेंगा फोडतच राहिली. "आबा, पोरनी जात. डोकंच हलकं राहस. कितीबी शिकाडा."

"हाई कोनी सांगं तुले?"

"तुम्हीच तर तोलं व्हतं ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. राग असता तर भिकननं तो पदर पसरून घेतला असता. तिला ते खरंच वाटत होतं. पाऊस कधी येतो, शेळी कधी विते, तसं एक ठाऊक असलेलं.

"मंजुळा, तू त्या दिन काय बोलनी व्हती? भाकरी करता करता? पानी मारेल कापूसबी जड भरस. तू बोलनी व्हती."

मंजुळानं मान वर केली. आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, हे भिकनला दिसलं.

"मी?" ती म्हणाली. "मी अशी बोलनी? माले इतली अक्कल कोठे व्हती, आबा." आणि ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. भिकनला ते हसणं ओळखीचं होतं. ते त्याचंच होतं.

भिकनला रडू फुटलं. तशी ती गंभीर झाली आणि तिनं त्याच्या पट्टीवर हलकेच हात ठेवला. "आबा, डोकाले मार लागेल शे तुमले. काहीबाही बोलू नका. पडा जरासा."

तेवढ्यात ताईबाई शेळ्या घेऊन अंगणात आली. मंजुळानं तिला हाक मारली. "ऐक व, आबा काय सांगतस. मी ल्हानपने बोलनी म्हने, का डोकं जड ऱ्हायनं तरी पानी मारेल कापूससारखं राही."

पोर हसली नाही. हातातली काठी जमिनीवर टेकवून उभी राहिली, जरा वेळ विचार केला आणि आजोबाला म्हणाली, "मंग आबा, वाळाडीसन तोलानं ना."

भिकननं तिच्याकडे पाहिलं आणि मग मंजुळाकडे, मोठ्या आशेनं.

"गप बस. भलती हुशार," मंजुळा कौतुकानं म्हणाली. "जा, शेळ्या बांध."

ताईबाई शेळ्या बांधायला गेली.