दहाच्या रेघेवरचं कुंकू

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, मित्रांनो. वय मात्र विचारू नका. एवढे आकडे अंगावर वागवते, पण तेवढा एक सांगत नाही.

अविनाशरावांनी मला रिफायनरीच्या नोकरीत नळांचे नकाशे काढायला घेतलं. माझं टोक झिजलं तरी त्यांनी मला टाकलं नाही. ते शून्याऐवजी दहापासून मोजू लागले. पुढे त्यांच्या लेकीनं, वसुंधरानं, कारेलीबाग भागात डिझाइनचं ऑफिस थाटलं आणि मी तिच्या टेबलावर आले. तिथला कॉम्प्युटर पाहून मी थक्कच झाले. रेघ ओढायची, पुसायची, गरगर फिरवायची, आणि कागदाला डाग म्हणून नाही! माझ्या वाट्याला पाकिटं फोडणं आलं, पण खरं सांगते, रुसायच्या आधी माझे डोळेच दिपायचे.

यंदा सुभानराव नावाचे एक गिऱ्हाईक आले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पणजोबांच्या पेटीची एकच सागवानी फळी उरली होती आणि तिच्यातून त्यांच्याच तलवारीला बैठक करायची होती. "जपून हं, दुसरी फळी मिळायची नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे तलवार फक्त दसऱ्याला बाहेर निघते. मापं गेल्या दसऱ्याची होती, लावून बघायची सोय नव्हती.

वसुंधरानं चित्र काढलं आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर आपोआप नवं झालं. सगळ्या सेटिंग्ज बदललेल्या. रेघा जाडजूड, मिलिमीटरच्या जागी इंच. "माझ्या स्वयंपाकघरातले डबे कोणी हलवले?" ती करवादली. दिवसभर एकेक डबा जागेवर लावत बसली. शेवटी खऱ्या मापाचा कागद छापला. तो फळीवर चिकटवायचा आणि रेघेवरून करवत चालवायची.

रमणभाई सुतार डिंक घेऊन तयार होते. "बेन, चोंटाडी दउं?" चिकटवून टाकू का, त्यांनी गुजरातीत विचारलं.

"थांबा हं." सवयीनं तिनं मला उचललं. मुठीची खाच पंधरा सेंटीमीटर हवी, भरली साडेचौदा. "ही झिजलीय, हिचं काय खरं," ती पुटपुटली. माझा जीव टांगणीला लागला. मी बोलणार कशी? मग तिला बाबा आठवले. तिनं माझी दहाची रेघ खाचेच्या कडेला धरली. दुसरी कडा पंचवीसवर यायला हवी होती, ती चोवीसवरच अडली. झिजलं टोक तर माप उलट वाढवूनच दाखवत होतं. कागदावरचं चित्रच लहान होतं. नव्या सॉफ्टवेअरनं 'कागदात बसवा' अशी खूण आपल्याच मनानं लावून ठेवली होती. वसुंधरानं ती काढली, पुन्हा छापलं, पुन्हा दहापासून मोजलं. आता बरोबर पंचवीस. रमणभाईंनी डिंक लावला.

दसऱ्याला ती मला पर्समध्ये घालून सुभानरावांकडे गेली. तलवार मुठीसकट खाचेत अलगद बसली. सुभानरावांनी तिला हात जोडले. "पणजोबा टेकले बघा," ते म्हणाले. मग वसुंधराकडे वळले. "पट्टी दे पोरी इकडे. तुझं हत्यार ना हे?" त्यांनी मला तलवारीशेजारी ठेवलं आणि माझ्या दहाच्या रेघेवर कुंकू लावलं. नळ मोजणारी मी, आणि केवढी ही जागा!

मित्रांनो, नवं जरूर वापरा, मीही त्याच्याकडे अजून डोळे विस्फारून बघते. पण कोणी तुमचे डबे हलवले, तर करवत चालवण्याआधी एकदा मोजून बघा. मला घ्याल तेव्हा टोकापासून नको, दहापासून मोजा. तिथे कुंकू आहे, दिसेल.